एकसमान त्वरण ओळखायचं, मोजायचं आणि वापरायचं कसं

बस थांब्यावरून सुटते तेव्हा उभ्या माणसाचा तोल मागे जातो आणि ब्रेक लागला की तोच माणूस पुढे झुकतो. मधल्या वेळात बस सरळ, गुळगुळीत रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने पळत असते, तरी तो दांडा सोडून निवांत उभा राहू शकतो. म्हणजे वेग भरपूर असताना काही होत नाही आणि वेग जेमतेम दहा-पंधरा असताना धक्का बसतो. शरीराला वेग कळतच नाही, कळतो तो वेगातला बदल. हा बदल ज्या दराने होतो त्याला त्वरण म्हणतात, आणि तो दर सतत तितकाच राहिला तर ते एकसमान त्वरण.

हा धडा बहुतेक वेळा तीन समीकरणांपासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. मला तो क्रम पटत नाही. आधी गती डोळ्यांनी बघावी, कानांनी ऐकावी, मग आकडे घालावेत. समीकरणं त्यातून आपोआप निघतात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. पाढे, वर्ग आणि वर्गमूळ एवढं येत असलं की पुरे.

पायरी १ : एककाची भीती घालवा

त्वरणाचं एकक मी/से² असं लिहितात आणि ‘सेकंदाचा वर्ग’ बघून नवशिक्या बिचकतो. वर्ग सेकंद नावाची वस्तू जगात कुठे दिसत नाही, त्यामुळे बिचकणं साहजिक आहे. ते वाचायचं असं : दर सेकंदाला वेग इतके मीटर प्रति सेकंदाने बदलतो. २ मी/से² त्वरणाने गाडी जागेवरून सुटली तर एका सेकंदानंतर तिचा वेग २, दोन सेकंदांनंतर ४, तीन सेकंदांनंतर ६ मीटर प्रति सेकंद. वेगाच्या यादीत दर वेळी तेवढीच भर पडते.

गाडीचा काटा ताशी किलोमीटर दाखवतो, सूत्रांना मीटर प्रति सेकंद लागतात. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागा, काम झालं. ताशी ३६ म्हणजे १० मी/से, ५४ म्हणजे १५ आणि ७२ म्हणजे २०. हे तीन आकडे पाठच करून ठेवा, पुढे लागणार आहेत. उत्तर भलतंच मोठं आलं तर आधी हा भागाकार राहिला का ते तपासा.

पायरी २ : कुठे आहे आणि कुठे नाही ते ओळखा

कसोटी एकच आहे. समान वेळात वेगात समान फरक पडतो का? पडत असेल तर त्वरण एकसमान.

हातातून निसटलेली किल्ली, उतारावरून घरंगळणारी गोटी, एकसारखा दाब देऊन लावलेला ब्रेक ही नेहमीची उदाहरणं. लिफ्ट जरा वेगळी आहे. ती सुटते तेव्हा क्षणभर त्वरण असतं, मग मधले मजले ती एकाच वेगाने कापते आणि शेवटी पुन्हा थोडा वेळ त्वरण येतं, या वेळी उलट्या दिशेचं. लिफ्टमध्ये वजनकाटा ठेवून त्यावर उभं राहिलात तर हे आकड्यांत दिसतं. ६० किलोचा माणूस आणि वरच्या दिशेला १ मी/से² त्वरण असेल तर काटा क्षणभर ६६ च्या आसपास जातो, मग ६० वर येऊन थांबतो. वरचा मजला जवळ आला की तो ५४ कडे उतरतो. लिफ्ट तेव्हाही वरच चाललेली असते, पण तिचं त्वरण खाली असतं. गतीची दिशा आणि त्वरणाची दिशा एकच असली पाहिजे असा काही नियम नाही, हे इथेच मनात पक्कं करा.

आता फसवी उदाहरणं. वळणावर काटा ४० वर स्थिर ठेवून गाडी वळवली तरी दिशा बदलते. भौतिकशास्त्रात वेगात दिशाही धरतात, म्हणजे वेग बदलतो आणि त्वरण असतं. पण त्या त्वरणाची दिशाही सतत फिरत राहते, म्हणून ते एकसमान नव्हे. झोका, स्प्रिंगला टांगलेलं वजन, हे सुद्धा या यादीतून बाद. आणि ‘० ते १०० फक्त १० सेकंदांत’ असं गाडीबद्दल सांगतात त्यातून भागाकार करून २.८ मी/से² येतात खरे, पण ती सरासरी. खालच्या गिअरमध्ये गाडी उसळते आणि वेग वाढत जातो तसा तिचा जोर कमी पडत जातो.

पायरी ३ : गोटीचा आवाज ऐका

हा प्रयोग टाळू नका. बाकी सगळं वाचून समजेल, पण त्वरण ‘एकसमान’ असणं म्हणजे काय हे कानांनी ऐकल्यावर जसं बसतं तसं वाचून बसत नाही.

वायरिंगची दोन मीटर लांबीची सरळ केसिंग पट्टी घ्या, झाकण काढून. एक टोक पुस्तकांवर ठेवून १० सेंटिमीटर उंच करा आणि मध्ये पट्टी झुकणार नाही असा आधार द्या. बेअरिंगमधला पोलादी छर्रा असेल तर उत्तम, नाहीतर काचेची गोटी चालेल. वरच्या टोकापासून ५०, १०० आणि १५० सेंटिमीटरवर पट्टीभोवती बारीक दोरा बांधा, गोटी अडखळणार नाही पण टिक आवाज येईल इतपत. दोन मीटरच्या टोकाला वाटी उलटी ठेवा. गोटी न ढकलता नुसती सोडा. टिक... टिक.. टिक. टक. अंतरं सारखी, पण आवाज घाईघाईने जवळ येत जातात. गोटीचा वेग वाढतो आहे एवढं यातून कळलं.

आता दोरे सोडा आणि १२.५, ५० आणि ११२.५ सेंटिमीटरवर बांधा. वाटी जागेवरच राहू द्या. पुन्हा गोटी सोडा. या वेळी आवाज ठेक्यात येतात. सोडल्यापासून पहिल्या टिकपर्यंत जेवढा वेळ, तेवढाच प्रत्येक पुढच्या टप्प्याला. पट्टीवरचे टप्पे बघा : १२.५, मग ३७.५, मग ६२.५, मग ८७.५. म्हणजेच १, ३, ५, ७ या प्रमाणात. समान वेळात कापलेली अंतरं विषम संख्यांच्या ओळीत वाढतात. त्यांची बेरीज करत गेलात तर १, ४, ९, १६ मिळतात, म्हणजे वर्ग. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं हे वाक्य इथून आलं.

गॅलिलिओने हेच केलं होतं. लाकडी फळीत खाच पाडून तिला गुळगुळीत चर्मपत्र लावलं, पितळी गोळा घरंगळत सोडला आणि वेळ मोजायला भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी तोललं. त्याचं वर्णन १६३८ मध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात आहे. सरळ पडणारी वस्तू त्याच्या साधनांना आवरण्यासारखी नव्हती, म्हणून त्याने उतार घेऊन तीच गती संथ केली. तुमच्या पट्टीवर गोटीला दोन मीटर जायला साधारण साडेतीन सेकंद लागतील. तीच गोटी दोन मीटरवरून सरळ पडली असती तर ०.६४ सेकंदात खेळ खलास.

एक गोष्ट लक्षात ठेवा. निम्मा वेळ झाला तेव्हा गोटी ५० सेंटिमीटरवर होती, म्हणजे फक्त पाव अंतरावर. उरलेलं पाऊण अंतर तिने उरलेल्या निम्म्या वेळात कापलं. एकसमान त्वरण असेल आणि सुरुवात शून्यापासून असेल तर हे पाव-पाऊण कुठेही खरं ठरतं.

पायरी ४ : एक तिरकी रेघ काढा

चौकटीच्या कागदावर आडवी वेळ आणि उभा वेग घ्या. एकसमान त्वरणाचा आलेख सरळ रेघ येतो. रेघ जितकी चढी तितकं त्वरण जास्त, आडवी असेल तर त्वरण शून्य, खाली उतरणारी असेल तर वेग घटतो आहे.

या रेघेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर. रेघ शून्यापासून चढत असेल तर तिच्याखाली त्रिकोण होतो आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मं असतं. सूत्रातला तो ‘अर्धा’ कुठून आला हे बहुतेकांना कधीच कळत नाही. तो या त्रिकोणातून आला. याच चित्रातून आणखी एक कामाची गोष्ट दिसते : सरासरी वेग म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या वेगाच्या बेरजेच्या निम्मा. १४ व्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या अभ्यासकांनी हा नियम मांडला आणि फ्रान्समध्ये निकोल ओरेमने त्याची आकृती काढून दाखवली. गॅलिलिओच्या फार आधी.

आता समीकरणं :

अंतिम वेग = सुरुवातीचा वेग + (त्वरण × वेळ)

अंतर = (सुरुवातीचा वेग × वेळ) + निम्मं (त्वरण × वेळेचा वर्ग)

अंतिम वेगाचा वर्ग = सुरुवातीच्या वेगाचा वर्ग + (२ × त्वरण × अंतर)

कोणतं घ्यायचं? ज्या गोष्टीचा उल्लेख गणितात नाही आणि जी विचारलेलीही नाही, ती ज्या समीकरणात नाही ते उचला. अंतराशी देणंघेणं नसेल तर पहिलं, अंतिम वेगाशी नसेल तर दुसरं, वेळेशी नसेल तर तिसरं. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे अंतराला वेळेने भागून येणाऱ्या आकड्याला शेवटचा वेग समजणं. तो सरासरी असतो. वस्तू थांबलेल्या स्थितीतून निघाली असेल तर शेवटचा वेग त्याच्या दुप्पट.

पायरी ५ : पडणाऱ्या वस्तूचं मोजमाप करा

पृथ्वीजवळ मोकळं सोडलेल्या वस्तूचं त्वरण सुमारे ९.८ मी/से² असतं. ध्रुवांवर ते ९.८३, विषुववृत्तावर ९.७८, म्हणजे फरक नगण्य. वस्तू जड की हलकी यावर ते अवलंबून नसतं. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडी आणि पीस एकाच वेळी सोडून दाखवलं. हवा नसल्यामुळे दोन्ही बरोबर पडली, आणि चंद्राचं त्वरण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश असल्यामुळे सावकाश पडली.

घरी बघायचं असेल तर भिंतीला मोजपट्टी चिकटवा, तिच्याशेजारी चेंडू सोडा आणि मोबाइल स्थिर ठेवून व्हिडिओ घ्या. व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रांचा असेल तर दर तिसरं चित्र म्हणजे ०.१ सेकंद. चित्र एकेक पुढे सरकवत चेंडू कुठे आहे ते लिहा. पहिल्या ०.१ सेकंदात साधारण ५ सेंटिमीटर, पुढच्यात १५, मग २५, मग ३४. तेच १, ३, ५, ७. चेंडू नेमका कोणत्या चित्रात सुटला हे ठरवणं कठीण जातं, त्यामुळे पहिला आकडा थोडा इकडेतिकडे होईल. तो सोडून बाकीच्या टप्प्यांमधला फरक बघा. दर वेळी तो दहाच्या जवळपास असला म्हणजे मोजणी बरोबर आहे.

दुसरा प्रयोग दोघांनी करायचा. एकाने ३० सेंटिमीटरची फूटपट्टी उभी धरायची, दुसऱ्याने शून्याच्या खुणेपाशी बोटं उघडी ठेवायची. न सांगता पट्टी सोडायची, दिसली की पकडायची. १० सेंटिमीटरवर पकडली तर प्रतिसादाला ०.१४ सेकंद लागले, १५ वर ०.१७५, २० वर ०.२०, ३० वर ०.२५. अंतर दुप्पट झालं म्हणून वेळ दुप्पट होत नाही, कारण वर्गमूळ मध्ये येतं. जास्त वेळा करून मधला आकडा घ्या. एखाद्या वेळी ५ सेंटिमीटरवर पकडली गेली तर तो पराक्रम नव्हे, अंदाजाने बोटं आधीच मिटलेली असतात.

पायरी ६ : ब्रेकचं गणित करा

या सगळ्यातला खरोखर जिवाशी खेळणारा भाग हा आहे, म्हणून इथे थोडं थांबू. ब्रेक लागल्यावर त्वरण गतीच्या उलट दिशेला असतं. गणितात ते ऋण धरतात. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर वेग सेकंदाला ५ ते ८ मी/से ने घटू शकतो. आपण ५ धरू.

तिसऱ्या समीकरणात अंतिम वेग शून्य घातला की थांबायचं अंतर निघतं : वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. ताशी ३६ ला १०० भागिले १०, म्हणजे १० मीटर. ताशी ७२ ला ४०० भागिले १०, म्हणजे ४० मीटर. वेग दुप्पट, अंतर चौपट. शिवाय धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जुन्याच वेगाने धावत असते. फूटपट्टीच्या खेळात पाव सेकंदात काम भागतं, पण तिथे माणूस वाटच बघत असतो. रस्त्यावर ओळखणं, ठरवणं आणि पाय हलवणं मिळून एक सेकंद सहज जातो.

आता दोन गाड्या शेजारी शेजारी धरा, एक ताशी ५४ वर, दुसरी ७२ वर. दोघींच्या चालकांना एकाच जागी, एकाच क्षणी पुढचा अडथळा दिसला. पहिली गाडी प्रतिसादाच्या सेकंदात १५ मीटर गेली, मग ब्रेकवर २२.५ मीटर. एकूण ३७.५ मीटरवर ती थांबली, समजा अडथळ्याला अगदी टेकून. दुसरी प्रतिसादातच २० मीटर गेली. अडथळ्यापर्यंत तिच्याकडे ब्रेकसाठी उरले १७.५ मीटर. तिच्या वेगाचा वर्ग ४००, त्यातून २ × ५ × १७.५ म्हणजे १७५ वजा करा. उरले २२५. वर्गमूळ १५ मी/से. म्हणजे ताशी ५४!

पहिली गाडी जिथे थांबली तिथे दुसरी ताशी ५४ ने आदळते. चालवताना फरक केवळ १८ चा वाटत होता. ब्रेकच्या सुरुवातीच्या मीटरांत वेग फारसा कमी होत नाही, कारण गाडी ते मीटर फार लवकर ओलांडते. वेगाची खरी घसरण शेवटच्या काही मीटरांत होते, आणि तेच मीटर दुसऱ्या गाडीला मिळाले नाहीत. ओल्या रस्त्यावर ५ च्या जागी ३ घालून हेच गणित स्वतः करून बघा. घासलेल्या टायरचा आकडा आणखी खाली जातो.

पायरी ७ : वर फेकलेला चेंडू

चेंडू सरळ वर फेकताना एकच काळजी घ्या. वरची दिशा धन ठरवली की ती शेवटपर्यंत धनच ठेवायची आणि त्वरण पूर्ण वेळ उणे ९.८. चढताना वेगळं आणि उतरताना वेगळं चिन्ह लावायला गेलात की गोंधळ झालाच म्हणून समजा. सर्वात उंच बिंदूवर वेग शून्य असतो, त्वरण मात्र तिथेही ९.८ च असतं. ते शून्य झालं असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

९.८ मी/से ने फेकलेला चेंडू एक सेकंद चढतो, ४.९ मीटर उंची गाठतो आणि एका सेकंदात परत येतो. गोटीचं पाव-पाऊण इथे लावा. माथ्यापासून खाली येताना पहिल्या निम्म्या वेळात तो पावच उंची उतरतो, आणि चढतानाही तसंच, उलट क्रमाने. म्हणजे हवेतला निम्मा वेळ चेंडू वरच्या पाव उंचीतच काढतो. अर्धा मीटर उंच उडी मारणारा खेळाडू एकूण ०.६४ सेकंद हवेत असतो, त्यातला ०.३२ सेकंद वरच्या साडेबारा सेंटिमीटरमध्ये. तो क्षणभर हवेत थांबल्यासारखा दिसतो याचं कारण एवढंच आहे.

पायरी ८ : सूत्र कुठे सोडून द्यायचं

हवेचा विरोध आला की एकसमानता जाते. चेंडू एक-दोन मीटर पडेपर्यंत हवा विसरून चालतं, कागद किंवा पीस असेल तर पहिल्या वितीतच गणित बिघडतं. पावसाचा थेंब घ्या. एक किलोमीटर उंचीवरून तो ९.८ च्या त्वरणाने पडत आला असता तर जमिनीजवळ त्याचा वेग १४० मी/से झाला असता, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. छत्री काय, डोकंही वाचलं नसतं. प्रत्यक्षात मोठा थेंब सुमारे ९ मी/से वर पोचला की हवेचा विरोध त्याच्या वजनाइतका होतो, त्वरण शून्यावर येतं आणि उरलेला प्रवास तो एकाच वेगाने करतो. विमानातून उडी मारलेला माणूस, हातपाय पसरून पोटावर पडत असेल आणि हवाईछत्री उघडलेली नसेल, तर ताशी २०० किलोमीटरच्या आसपास असाच स्थिरावतो.

एखाद्या गतीबद्दल शंका असेल तर तिचा व्हिडिओ घ्या, समान वेळांतली अंतरं लिहा आणि लागोपाठच्या अंतरांमधला फरक काढा. फरक सारखाच येत असेल तर वरची तिन्ही समीकरणं बिनधास्त वापरा. तो घटत किंवा वाढत चालला असेल तर गतीचे छोटे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यापुरतं त्वरण स्थिर धरून पुढे जा. तुकडे जितके लहान, उत्तर तितकं खऱ्याच्या जवळ.